दर्यावरचं बिऱ्हाड : वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं

गेल्या अंकात मी ओघात लिहून गेले होते, की जून २०१९ मध्ये साउदम्प्टनजवळचं राहतं घर भाड्यानं दिलं आणि आम्ही नवराबायको ३६ फुटी शिडाच्या होडीत राहायला गेलो, ते अजून तिथंच आहोत. संपादकांनी त्याखाली 'प्रश्न पाठवा' अशी ओळ टाकली आणि प्रश्नांचा ढीग लागला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही. जे प्रश्न वाचून मी स्वतः थांबले, तेवढे घेतलेत.

ही उत्तरं गुआदियाना नदीत, अल्कोतीम गावासमोर नांगर टाकून लिहितेय. एका काठाला पोर्तुगाल, दुसऱ्या काठाला स्पेन. ओहोटी असली की होडीचं तोंड नदीच्या वरच्या अंगाला असतं आणि डाव्या हाताला पोर्तुगाल येतो. भरती आली की होडी नांगराभोवती वळते आणि डाव्या हाताला स्पेन. दोन्ही देशांच्या घड्याळांत एका तासाचा फरक आहे, आणि फोनला कुठल्या काठाचा टॉवर सापडेल याचा नेम नाही. त्यामुळे संपादकांना लेख उशिरा मिळाला तर दोष त्या तासाचा.

माझे यजमान ५२ वर्षांचे आहेत, आयटीत आहेत. दोन वर्षं रोज जेवणानंतर होडीतल्या संसारांचे व्हिडिओ बघतात. आता म्हणतात, कोथरूडचा फ्लॅट विकू, ग्रीसमध्ये ४२ फुटी होडी घेऊ आणि निघू. मी गेटवेहून मांडव्याला जाताना लाँचमध्येच आडवी होते. हे वेड आहे का? (पुणे)

वेड आहेच. पण ते मी कुठल्या तोंडानं सांगू?

फ्लॅट मात्र विकू नका. भाड्यानं द्या. होडी ही मालमत्ता नाही, तो दावणीचा बैल आहे. नांगर शेतातला असो नाहीतर आमचा, बैल चालो न चालो, वैरण रोज लागते. शिवाय परत यायची वेळ कधी येईल हे कुणी सांगावं? आमच्या ओळखीचं एक जोडपं घरदार विकून निघालं आणि चौथ्या महिन्यात लिस्बनला पोचल्यावर तिनं सांगितलं, बस, मला हे जमत नाही. त्यात कमीपणा काहीच नव्हता. पण घर विकून झालं होतं, आणि त्या भागात तसं घर पुन्हा घेण्याइतके पैसे आता त्यांच्याकडे नव्हते.

आता मळमळ. मलाही लागते, आजही लागते. इंग्लंडमधल्या फाल्मथहून स्पेनच्या आ कोरुन्याला जाताना बिस्केचा उपसागर ओलांडावा लागतो. साधारण साडेचारशे सागरी मैल, आमच्या वेगानं चार दिवस. त्यातले अडीच दिवस मी बादलीला मिठी मारून होते. तिसऱ्या दिवशी दुपारी मऊ भात आणि मेतकूट खाल्लं, आणि माणसात आले. बहुतेकांचं असंच होतं, दोन-तीन दिवसांत शरीर शिकतं. काहींचं कधीच शिकत नाही, आणि ते आधी कळायला मार्ग नाही. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून स्टुजेरॉन घ्या, रिकाम्या पोटी राहू नका, खाली केबिनमध्ये जाऊ नका. आणि सुकाणू तुम्ही घ्या. सुकाणू हातात असलं की नजर क्षितिजावर राहते आणि डोकं कामात. लाँचमध्ये तुम्ही प्रवासी असता, म्हणून आडव्या होता.

सुकाणूचं आणखी एका कारणासाठी सांगतेय. होडीत दोनच माणसं असतात आणि त्यातलं एक पाण्यात पडू शकतं. ते तुमचे यजमान असतील तर होडी वळवून त्यांच्यापर्यंत आणणार कोण? निघण्याआधी मी नवऱ्याला अट घातली होती. तो हाताची घडी घालून बसेल, तोंडही उघडणार नाही, आणि मी एकटीनं शिडं उतरवून होडी धक्क्याला लावेन. हे जमेपर्यंत घर भाड्याच्या जाहिरातीत जाणार नाही. चौथ्या प्रयत्नात जमलं. तिसऱ्या प्रयत्नात शेजाऱ्याच्या होडीचा कठडा वाकला, त्याचे पैसे भरले. तोंड न उघडण्याची अट त्यानं दुसऱ्याच प्रयत्नात मोडली होती, ते जाऊ दे.

मुंबई बंदरात, गोव्यात, हैदराबादच्या हुसेनसागरात शिडाची होडी शिकवणारे क्लब आहेत. सहा महिने शनिवार-रविवार दोघं मिळून जा. त्यानंतर ग्रीसमध्ये एक आठवडा होडी भाड्यानं घ्या, पण ऑगस्टात नको. ऑगस्टात सगळंच गोड लागतं. ऑक्टोबरच्या शेवटी जा, पाऊस पडत असताना. ओले कपडे वाळत नाहीत, आतल्या भिंतींना पाणी सुटतं, आणि दोघांना एकमेकांपासून लांब जायला नऊ फुटांची जागा असते. त्या आठवड्यानंतरही यजमान व्हिडिओ बघत असतील, तर पुढचं बोला.

आणि ४२ फूट कशाला? माझ्या नवऱ्याला ४५ हवी होती. वाऱ्यात फडफडणारं शीड दोन हातांनी ओढून पाहिलं आणि तो गप ३६वर आला.

आमची यादी तीन वर्षं लांबतेय. सोलर झालं की बॅटऱ्या, बॅटऱ्या झाल्या की रेडिओ. तयारी पूर्ण झाली हे ओळखायचं कसं? (बडोदा)

ओळखता येत नाही, कारण ती पूर्ण होत नाही. आम्ही निघालो तेव्हा यादीत ६३ कामं बाकी होती. त्यातली काही अजून बाकी आहेत. काहींची गरजच नव्हती, हे समुद्रात कळलं.

माझे आजोबा, आईचे वडील, वेंगुर्ल्याचे तांडेल, म्हणजे जहाजाचे कप्तान. मंगळूरहून कौलं भरलेला पडाव घेऊन मुंबईपर्यंत जायचे. यंत्र नाही, शीड आणि मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे सुटणारा वारा. त्यांच्याकडे यादी नव्हती, पंचांग होतं. पावसाळ्याच्या तोंडावर पडाव वर ओढायचा आणि झापांनी शाकारायचा. नारळी पौर्णिमा झाली, दर्याला नारळ दिला, की उतरवायचा. मधल्या दोन-अडीच महिन्यांत जेवढी डागडुजी होईल तेवढी. न झालेली पुढच्या वर्षी. पडाव निघायचा तो हंगाम आला म्हणून. तयारी संपायची वाट बघत आजोबा बसले असते तर मुंबईची निम्मी घरं बिनकौलांची राहिली असती.

अटलांटिकचंही असंच पंचांग आहे. कॅरिबियन बेटांकडे चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. म्हणून आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या, स्पेनच्या कॅनरी बेटांवरून होड्या नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरात सुटतात. तेव्हा व्यापारी वारे पूर्वेकडून नीट वाहायला लागलेले असतात. त्या तारखेपासून उलटं मोजा. डिसेंबरात कॅनरीतून सुटायचं, तर ऑक्टोबरात तिथं पोचायला हवं. त्यासाठी सप्टेंबरात पोर्तुगालचा किनारा, आणि त्यासाठी बिस्के जून-जुलैत, कारण शरद ऋतू लागला की तिथं एकामागून एक वादळं येतात. म्हणजे घराची किल्ली भाडेकरूला जूनमध्ये. आमची तारीख अशी ठरली.

तारीख ठरली की यादीचे आपोआप दोन भाग पडतात. ज्यानं जीव जातो ते, आणि ज्यानं फक्त चिडचिड होते ते. आमच्या पहिल्या भागात फार थोडं उरलं. डोलकाठीला तोलून धरणाऱ्या तारा बदलणं, जीवरक्षक तराफा, उपग्रहाला संकटाचा संदेश देणारं ४०६ मेगाहर्ट्झचं यंत्र, कमरेला बांधून होडीला अडकवायचे पट्टे, चांगला नांगर आणि १० मिलिमीटरची ६० मीटर साखळी. पाणी जेवढं खोल, त्याच्या पाचपट साखळी सोडतो. वारा वाढला तर आणखी. नवखे लोक रडारवर पैसे घालतात आणि साखळीत काटकसर करतात. झोप साखळीमुळे लागते.

समुद्राबद्दल एवढं बोलते खरी, पण माझे सगळ्यात जास्त महिने खाल्ले ते घर रिकामं करण्यानं. चौदा महिने. वीस वर्षांत माळ्यावर काय काय साठलं होतं! लग्नातली तांब्याची घागर, जी इंग्लंडात एकदाही पाण्याला लागली नव्हती. मुलाच्या पहिलीपासूनच्या वह्या. सासूबाईंच्या नऊवारी. वस्तू देऊन टाकणं कठीण नव्हतं, प्रत्येक वस्तूपाशी बसून राहणं कठीण होतं. शेवटी मुलाच्या गॅरेजमध्ये सहा खोकी ठेवली आणि होडीत एकच गोष्ट आणली, देव्हाऱ्यातला बोटभर पितळी गणपती. नकाशाच्या टेबलावर तो सिलिकॉननं चिकटवलाय. बिस्केत कप फुटले, घड्याळ पडलं, गणपती हलला नाही. याला लोक श्रद्धा म्हणतात, नवरा सिलिकॉन म्हणतो.

नेमके किती पैसे लागतात? गोलगोल नको, आकडे सांगा. (नाशिक)

आमचे सांगते. तुमचे वेगळे असतील.

होडी १९८६ सालची. २०१६ मध्ये ३८ हजार पौंडांना घेतली. निघेपर्यंत तिच्यात आणखी २१ हजार गेले, त्यातले बरेचसे वर लिहिलेल्या पहिल्या भागात. महिन्याचा खर्च सरासरी १५०० पौंड, आणि यातलं 'सरासरी' हे फसवं आहे. नांगरावर राहिलं तर जागेचं भाडं शून्य. मरिनात, म्हणजे होड्यांच्या भाड्याच्या धक्क्यावर शिरलं की एका रात्रीत आमचा आठवड्याचा भाजीपाला जातो. वर्षातून एकदा होडी क्रेननं वर काढून तळ घासायचा आणि शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून खास रंग लावायचा. विमा. शिडांची शिवण. मग एक वर्ष असं येतं की गिअरबॉक्स जातो. आमचा गेला, एका वर्कशॉपनं उघडून तीन आठवडे तसाच ठेवला आणि चुकीचा भाग बसवून दिला. दुसऱ्याकडे पुन्हा सगळं. त्या वर्षी आम्ही मरिनाचं नावही काढलं नाही. जेवणाचा खर्च यात सगळ्यात कमी असतो. सगळ्यात जास्त कशावर जातो? ज्याची तुम्ही कल्पना केली नव्हती त्यावर.

भारतातून पैसे पाठवून परदेशात होडी घेणार असाल, तर रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. ते सीएला विचारा. मी दुसऱ्याच दोन गोष्टींबद्दल सावध करते, ज्या कुणी सीए सांगत नाही. पहिली, ओटीपी. भारतातली बँक भारतातल्या सिमवर ओटीपी पाठवते. ते सिम रिचार्जअभावी बंद पडलं की स्वतःच्याच पैशाला तुम्ही परके. निघण्याआधी ते सिम, त्याचं रोमिंग आणि त्याच्या रिचार्जची जबाबदारी घरातल्या एका माणसावर लिहून द्या. दुसरी, सरकारी पेन्शन असेल तर हयातीचा दाखला. तो नोव्हेंबरात द्यायचा असतो आणि नोव्हेंबरातच होड्या सुटायच्या बेतात असतात. आता मोबाईलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण देता येतं, पण त्याला इंटरनेट लागतं आणि अटलांटिकच्या मध्यावर आमच्यासारख्यांकडे ते नसतं. आधी जिवंत असल्याचं सिद्ध करा आणि मग समुद्रात शिरा.

रोज काय खाता? आणि आंघोळ? (डोंबिवली)

शेगडी झोपाळ्यासारखी टांगलेली असते. होडी कलली तरी पातेलं सरळ राहतं, आपण कलतो. कुकर नसता तर मी दुसऱ्या आठवड्यात परत आले असते. झाकण लागतं, सांडत नाही, गॅस कमी जळतो. गॅसची डोकेदुखी अशी की प्रत्येक देशाच्या सिलिंडरचं तोंड वेगळं. आमच्याकडे चार जातींचे जोड आहेत.

समुद्र ओलांडायला आपला मराठी डबा फार सोयीचा आहे. युरोपियन होड्यांवर दहाव्या दिवशी ताजं काही उरत नाही, मग ते डबे फोडत बसतात. आमच्याकडे विसाव्या दिवशीही मोड आलेली मटकी होती. ओलं फडकं, बरणी, आणि केबिनची ऊब. शिवाय कुळथाचं पीठ, भाजणी, कोकम, सुकवलेली कैरी, लसणीची चटणी. कांदे-बटाटे जाळीत टांगून. अंडी फ्रिजमध्ये न ठेवलेली आणि न धुतलेली घ्यायची आणि दर दोन दिवसांनी उलटी करायची, आठवडेच्या आठवडे टिकतात. पुठ्ठ्याचं खोकं होडीत कधी आणायचं नाही. त्याच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात आणि एकदा झुरळं झाली की होडी त्यांची.

पाणी तीनशे लिटर, दोघांना महिनाभर. भांडी खाऱ्या पाण्यात, शेवटचा हात गोड्या पाण्याचा. भाताला एक वाटी समुद्राचं पाणी आणि तीन वाट्या गोडं, मीठ घालायचं नाही. आंघोळ खाऱ्या पाण्याची बादली, वरून दोन तांबे गोडे. पाऊस आला की साबण घेऊन दोघंही वर. मैलोन् मैल बघायला कुणी नसतं.

आमची मुलगी नऊ वर्षांची आहे. शाळेचं काय? (बंगळूर)

आमचा मुलगा नोकरीला लागल्यावर आम्ही निघालो, त्यामुळे अनुभवाचं बोलता येत नाही. भारताच्या मुक्त विद्यालयाची, एनआयओएसची सोय आहे, तिची चौकशी करा. वाटेत भेटलेल्या मुलांवरून एवढंच सांगते, की आईबाप रोज सकाळी दोन तास नेमानं घेऊन बसत होते ती मुलं छान शिकत होती आणि 'निसर्गच शाळा आहे' म्हणणाऱ्यांची मुलं कंटाळली होती. आणि नऊ वर्षांच्या मुलीला मैत्रिणी लागतात. मुलं असलेल्या दुसऱ्या होड्या जिथं असतील तिथं नांगर टाका, सुंदर खाडी नंतर बघा.

मी मालवणचा, २३ वर्षांचा, आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक केलंय, वडिलांच्या ट्रॉलरवर वाढलो. पैसे नाहीत. जगाची सफर कशी करू? (मालवण)

बाबा रे, तुझ्याकडे जे आहे ते या नदीतल्या निम्म्या कप्तानांकडे नाही. इंजिनात हवा धरली की ते हात जोडून आकाशाकडे बघतात.

गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादेई'चं तुला माहीत असेलच. तिच्यातून दिलीप दोंदे २०१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, पहिले भारतीय. त्याच होडीतून अभिलाष टॉमी २०१३ मध्ये एकट्यानं, कुठंही न थांबता. मग २०१७-१८ मध्ये 'तारिणी'तून नौदलाच्या सहा मुली. पण ती नौदलाची वाट, निवड होऊन जायची. तुझी वाट वेगळी आहे, खलाशी म्हणून जायची.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात कॅनरी बेटांतल्या लास पाल्मासला शेकडो होड्या समुद्र ओलांडायच्या तयारीत असतात आणि पुष्कळांना एक हात कमी असतो. मुलंमुली धक्क्यावर फिरून विचारतात, कपडे धुवायच्या खोलीत चिठ्ठ्या लावतात. पगार सहसा नाही. जेवणाचा वाटा काही ठिकाणी द्यावा लागतो. तुझी खरी अडचण पासपोर्टची. तिथं पोचायला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा. होडीतून निघताना बंदरातल्या पोलिसांकडे बाहेर पडल्याची नोंद, ती विसरलास तर पुढचा व्हिसा अडकतो. पलीकडे प्रत्येक बेटाचा नियम वेगळा. मार्टिनिक फ्रान्सचं आहे पण शेंगेनमध्ये नाही, हे न कळल्यानं एक मुलगा आमच्यासमोर अडकला. परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे बांधून ठेव आणि त्यांना हात लावू नकोस.

आणि कप्तान पारखून घे. तराफ्याची तपासणी कधी झाली ती तारीख बघ, पट्टे किती आहेत मोज, आणि आधी दोन-तीन दिवस बेटांच्या आसपास त्याच्याबरोबर जा. लहानसहान गोष्टीवर ओरडणारा माणूस किनाऱ्याजवळ ओरडतोच, आठशे मैलांवर तर विचारूच नकोस.

होडी घेऊन वेंगुर्ल्याला का येत नाही? आम्ही स्वागताला येऊ! (सावंतवाडी)

माझ्या मनातलं विचारलंत. सुएझ कालव्यातून तांबड्या समुद्रात उतरून यायचा आमचा बेत होता. नोव्हेंबर २०२३ पासून त्या वाटेवर जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि आमच्यासारख्या छोट्या होड्यांसाठी विमा मिळणंच कठीण झालं. आफ्रिकेला वळसा घालून यायचं तर अंतर जवळजवळ दुप्पट, आणि ते दक्षिणेचे समुद्र आम्हा साठीच्या माणसांचे नाहीत. म्हणून मी विमानानं येते. स्वागताला मोपा विमानतळावर आलात तरी चालेल.

आई ७९ वर्षांची आहे, मी एकुलती एक. ती म्हणते, 'तू जा.' तिचं 'जा' खरं मानू का? (ठाणे)

तुमचं पत्र तीनदा बाजूला ठेवलं.

आम्ही निघालो तेव्हा माझी आई ८१ वर्षांची होती. वेंगुर्ल्याला एकटी, धाकटा भाऊ अर्ध्या-पाऊण तासावर कुडाळला. तीही 'जा'च म्हणाली होती. डिसेंबर २०१९ मध्ये आम्ही कॅनरीतून मार्टिनिकला निघालो होतो, सुमारे २७०० सागरी मैल. निम्म्याहून थोडं पुढं गेलो असू. उपग्रहाच्या यंत्रावर १६० अक्षरांचा संदेश यायचा. त्यात भावानं लिहिलं होतं, आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, उद्या ऑपरेशन, काळजी नको.

मी म्हटलं, मागे वळव. नवरा वाद घालत बसला नाही. नकाशा उघडून माझ्यासमोर ठेवला. मागे १५०० मैल, आणि वारा तिकडूनच येणारा. त्याच्या तोंडात शिरून जायचं तर महिना लागला असता. पुढे १२०० मैल, वारा पाठीशी. सगळ्यात जवळचा विमानतळ पुढेच होता, दहा दिवसांवर. होडीत घाईला वाव नसतो. ताशी पाच मैलांचे साडेपाच होतात, सहा होत नाहीत. त्या दहा दिवसांत मी रोज स्वयंपाक केला, रोज रात्री माझा पहारा दिला, आणि संध्याकाळी सहाला यंत्र उघडून बसले. मार्टिनिकहून पॅरिस, पॅरिसहून मुंबई, मुंबईहून दाबोळी. संदेश आल्यापासून तेराव्या दिवशी घरात पाय ठेवला. हा आकडा लिहिताना अजून चरकायला होतं. आई वॉकर धरून ओसरीवर उभी होती. पहिला प्रश्न, "होडी कोणाकडे ठेवलंस?" तांडेलाची मुलगी.

पण हॉस्पिटलातल्या रात्री भावानं आणि वहिनीनं काढल्या. कागदांवर सह्या त्यानं केल्या. मी पैसे पाठवले, जागरण त्यांनी केलं, आणि ही बरोबरी होत नाही. वहिनीनं ते एकदा स्पष्ट बोलून दाखवलं. मला राग आला, आणि रात्री कळलं की ती खरं बोलली.

तुम्हाला भाऊ-वहिनी नाहीत. म्हणून मी तुम्हाला अटलांटिक सांगणार नाही. भूमध्य समुद्र सांगेन. तिथं बहुतेक ठिकाणाहून दोन दिवसांत धक्का आणि तिसऱ्या दिवशी मुंबई गाठता येते. २०२० मध्ये अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांच्या वाटेनं परत आल्यापासून आम्हीही महासागर ओलांडलेला नाही, त्याचं कारण तेच. या नदीत बसलोय, त्याचंही. ब्रिटिश पासपोर्टवर आम्हाला युरोपात १८० दिवसांतले ९० दिवस मिळतात आणि होडीला मात्र १८ महिने. लोक या नियमाला शिव्या देतात. मी उरलेले दिवस आईकडे काढते, तिचे केस विंचरते, तिच्या गोळ्यांचे डबे भरते.

जाण्याआधी कुलमुखत्यारपत्र करा, एक खातं तिच्या नावासोबत ठेवा. पगारी बाई ठेवाल, ती ठेवाच. पण शेजारच्या एका घराशी स्पष्ट बोलून घ्या, की मध्यरात्री दार वाजवायचं ते यांचं. डॉक्टरांनी एखादा निर्णय विचारला तर तुमच्या गैरहजेरीत तो कोण घेईल, हे आईसमोर ठरवा. आमचं ते ठरलेलं नव्हतं आणि भावाला सही करताना माझ्या परवानगीची वाट बघावी लागली.

आणि 'जा' खरं की खोटं, असं तिला विचारू नका. त्याचं उत्तर कुठलीच आई देणार नाही. दुसरं विचारा. मी समुद्रात असताना तुला काही झालं, तर मला कळवायचं की पोचल्यावर सांगायचं? या प्रश्नावर ती किती वेळ गप्प राहते ते बघा.

माझी आई आता ८७ वर्षांची आहे. तिला हे विचारलं तेव्हा ती अजिबात गप्प राहिली नाही. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "बापूस दर्यात असताना आमी खंय काय कळवी होतंव? इलो काय सांगायचा." भावाला मी अंगणात गाठून सांगितलंय, तिचं ऐकू नकोस, मला लगेच कळव.